घरी बनवलेली कॅम्पर व्हॅन: पहिल्या प्रवासानंतरची कामं

ईको, ओम्नी, विंगर किंवा जुनी ट्रॅव्हलर घेऊन तिच्यात झोपण्या-रांधण्याची सोय करणारी कुटुंबं आता पुण्या-नाशकात, कोल्हापुरात, नागपुरात भेटू लागली आहेत. सुरुवातीला काय काय बसवायचं याचा सल्ला द्यायला भरपूर माणसं असतात. गाडी तयार होऊन चार रात्री बाहेर काढून आल्यावर मात्र मालक एकटा पडतो. पलंग करकरतो, फ्रिज पहाटे बंद पडतो, छतातून कुठून तरी थेंब येतो आणि गाडी घाटात पूर्वीसारखी ओढत नाही. हा लेख त्या टप्प्यावर असलेल्यांसाठी आहे. माझं सांगणं एवढंच, की यापुढची प्रत्येक सुधारणा प्रवासाने मागितलेली असावी आणि ती अशी करावी की पाना-स्क्रू ड्रायव्हर घेऊन कधीही उघडून बघता येईल.

त्यासाठी पहिलं साधन वही. मोबाइलमध्ये नको, ड्रायव्हरच्या दाराच्या कप्प्यात पेन बांधून ठेवलेली शंभर पानी वही. काय त्रास झाला, कुठे, किती वाजता, बाहेर हवा कशी होती, एवढं लिहायचं. ‘पंखा कमी पडतो’ अशा नोंदीचा उपयोग नाही. ‘गणपतीपुळे, रात्री दोन, वारा पडलेला, मागची खिडकी बंद, डावीकडे झोपणाऱ्याला वारा लागत नाही’ अशी नोंद असली की पंखा बदलायचा की त्याची जागा बदलायची, हे आपोआप कळतं. वहीत सगळ्यांनी लिहायचं. गाडी बहुतेक वेळा घरातला एकजण स्वतःच्या उंचीला आणि सवयींना बेतून बनवतो. आजीला सरकत्या दाराची पायरी उंच पडते, मुलीला कपडे बदलायला आडोसा नाही, बायकोची ओट्याशी वाकून पाठ धरते, हे त्याच्या ध्यानातच येत नाही. त्यांच्या हाताने लिहिलेलं मात्र टाळता येत नाही.

घरी आल्या आल्या हत्यारं काढू नयेत. एकच त्रास दोन वेगळ्या प्रवासांत लिहिला गेला, तर तो खरा. ब्रेक, टायर, वायर आणि गॅस यांना हा नियम लागू नाही. त्यातली शंका त्याच आठवड्यात फेडायची. आणि एका वेळी एकच बदल करायचा. फ्रिजची वायर आणि बॅटरी दोन्ही एकदम बदलल्या, तर फ्रिज का सुधारला हे कळत नाही, आणि पुढच्या वेळी तो बिघडला तर शोध पुन्हा पहिल्यापासून.

पहिल्या वर्षातली सर्वांत मोलाची सुधारणा म्हणजे वजन काढणं. हे काम कोणालाच आवडत नाही, कारण आपण हौसेने बसवलेलं आपणच काढायचं असतं. पण घरी बनवलेल्या बहुतेक गाड्या गरजेपेक्षा जड असतात, आणि त्याचं कारण सुतारकामात आहे. घरातलं कपाट करणारा सुतार सवयीने १८ मिलिमीटरचा प्लाय वापरतो. आठ बाय चारचा असा एक शीट ३५ किलोच्या आसपास भरतो. १२ मिलिमीटरचा २३ किलोच्या आसपास. ईकोसारख्या गाडीत असे चार शीट गेले, तर जाडीच्या फरकातच जवळपास ५० किलो जातात, म्हणजे एक शाळकरी मुलगा कायमचा गाडीत बसल्यासारखं. त्यावर सनमायका, पितळी हँडल, चॅनलवाले ड्रॉवर.

म्हणून गावाबाहेरच्या वजनकाट्यावर एकदा जाऊन या. जाताना प्रवासाला निघाल्यासारखी गाडी भरा: पाण्याचे कॅन भरलेले, टाकी फुल, माणसं बसलेली, भांडीकुंडी, अंथरुणं, सगळं. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घेऊन वजन करा, मग पूर्ण गाडीचं. वजाबाकी केली की मागच्या अॅक्सलवर किती भार आहे ते कळतं. उत्पादकाने ठरवलेलं कमाल वजन गाडीवरच्या पट्टीवर आणि मॅन्युअलमध्ये असतं. आपला आकडा त्याच्या आत असलाच पाहिजे, आणि जवळ आला असेल तर नवीन काहीही बसवण्याआधी जुनं काहीतरी उतरलं पाहिजे. वजन कुठे आहे हेही तितकंच महत्त्वाचं. मागच्या चाकांच्या मागे भार वाढला की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंगची पकड सैल वाटू लागते. टपावर भार वाढला की आंबा किंवा ताम्हिणीच्या वळणांवर उंच, अरुंद गाडी झुकते. पाणी, बॅटरी, हत्यारं खाली आणि दोन्ही अॅक्सलच्या मध्ये हवीत. डावी-उजवी बाजू तपासायला टेप पुरतो: सपाट जागी चाकाच्या कमानीपासून जमिनीपर्यंतची उंची दोन्हीकडे मोजा.

वजन उतरवायचं कसं? वरच्या कपाटांची दारं काढा. त्यांच्या जागी सीट कव्हर शिवणाऱ्याकडून जाड कॅनव्हासचे खिसे शिवून घ्या. कपडे, टॉवेल, पुस्तकं त्यात उत्तम राहतात, डोक्याला लागत नाहीत आणि खडखडत नाहीत. पलंगाचा अखंड प्लाय काढून पट्ट्या लावा. दोन बोटं फट ठेवून लावलेल्या पट्ट्यांवर गादीला खालून हवा लागते, त्यामुळे कोकणातल्या दमट हवेत गादीच्या पोटाला येणारी बुरशीही थांबते. ओट्याला पाय हवेत, पेटी नको. जो प्लाय राहील तो बीडब्ल्यूपी, म्हणजे आयएस ७१० चा घ्या. महाग पडतो, पण पावसात फुगत नाही, आणि त्याच्या कापलेल्या कडा पॉलिशने बंद केल्या की वर्षानुवर्षं टिकतो.

वजन वाढलेल्या गाडीचे टायरही तपासावेत. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. कॅम्पर गाड्या फिरतात कमी आणि उभ्या जास्त राहतात, त्यामुळे नक्षी शाबूत दिसते आणि रबर मात्र कडक झालेलं असतं. हवा सकाळी, टायर थंड असताना, पूर्ण भाराला सांगितलेल्या आकड्याइतकी भरायची. घाट उतरताना दुसऱ्या गिअरला उतरा. जड गाडीचे ब्रेक तापून जातात.

आता गळती. महाराष्ट्रात गाडीची खरी परीक्षा जूनमध्ये असते आणि अभ्यास मे महिन्यात करायचा असतो. छतात पंखा बसवला, सोलर पॅनेलचे ब्रॅकेट ठोकले, केबल आत घेतली की गळतीची जागा तयार झाली असं धरून चालावं. गळतीचा स्वभाव असा, की पाणी जिथे टपकतं तिथून ते शिरलेलं नसतं. छताच्या आत पत्र्याच्या आडव्या पट्ट्या असतात. पाणी पट्टीवरून सरकत उताराच्या बाजूला जातं आणि तिसरीकडेच उतरतं. म्हणून थेंब दिसला तिथे सीलंट फासणं व्यर्थ.

शोधायची पद्धत अशी. आतलं सीलिंग शक्य तेवढं उतरवा. एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं, दुसऱ्याने बागेचा पाइप धरायचा. आतल्या पत्र्यावर आणि पट्ट्यांवर खडूची पूड हलकेच फासा. मग पाणी खालून वर न्यायचं: आधी दाराची रबरं, मग खिडक्या, मग टपाची पन्हळ, सर्वांत शेवटी छतावरची भोकं. प्रत्येक जागी चार-पाच मिनिटं पाणी धरा आणि थांबा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्याच सांध्यांवरून खाली वाहतं आणि काहीच कळत नाही. खालून वर गेलात की ज्या टप्प्यावर आतली पूड ओली होऊन रेघ उमटेल, तिथेच दोषी जागा असते, आणि ती रेघ उलटी वर शोधत गेलात की भोक सापडतं. गाडीचं नाक थोडं चढावर आणि नंतर उतारावर ठेवून हाच प्रयोग पुन्हा करा. सपाट जागी कोरडी राहणारी गाडी चढावर उभी केली की गळू शकते.

भोक सापडल्यावर घाई नको. जुनं सीलंट पूर्ण खरवडून काढा, थिनरने पुसा, गंज असेल तर घासून झिंक प्रायमर लावा, तो वाळू द्या. पत्रा आणि ब्रॅकेट यांच्यामध्ये ब्युटाइल टेप, आणि कडेने पॉलियुरेथेन सीलंट. खिडक्या-बाथरूमसाठी मिळणारं सिलिकॉन पत्र्यावर वापरू नका. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो, त्यातून सुटणारं आम्ल पत्र्याला गंजवतं. शिवाय सिलिकॉनचा अंश राहिलेल्या जागी पुढे ना रंग धरत, ना दुसरं सीलंट. दारांच्या तळाशी पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. इन्सुलेशन भरताना ती बुजली की दार आतून कुजतं. गाडी धुताना या भोकांतून काडी फिरवायची सवय लावून घ्या.

इन्सुलेशनबद्दल माझं मत ठाम आहे: फवारायचा पीयू फोम नको. एकदा मारला की मागची वायर, नट, गंज काहीच दिसत नाही, आणि सांध्यात अडकलेलं पाणी तिथेच राहतं. ग्लासवूल पाणी धरून ठेवते. एसीच्या डक्टवर लावतात तो काळा नायट्रिल रबर फोम मागच्या बाजूला गम असलेल्या शीटमध्ये मिळतो; तो कापून चिकटवता येतो आणि गरज पडली तर सोलून काढता येतो. आधी छत, मग उन्हाच्या बाजूचे पत्रे, सर्वांत शेवटी जमीन. चकाकणारी फॉइल लावायची असेल तर तिच्यासमोर हवेची फट हवी. पत्रा आणि प्लायमध्ये दाबून बसवलेली फॉइल काहीच काम करत नाही.

पण विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात फक्त इन्सुलेशनवर विसंबू नका. दिवसभर तापलेली गाडी रात्री ती उष्णता धरून ठेवते. टपापासून वीतभर वर ताणलेली साधी ताडपत्री आणि हवेचा प्रवाह यांनी जास्त फरक पडतो. हवेला आत यायची आणि बाहेर जायची अशा दोन वाटा लागतात, समोरासमोर, एक खाली आणि एक वर. छताला भोक पाडण्याआधी एक स्वस्त प्रयोग करून बघा: मागच्या सरकत्या काचेच्या फटीत बसेल असा अॅक्रिलिकचा तुकडा कापा आणि त्यात कॉम्प्युटरचे १२० मिलिमीटरचे दोन पंखे हवा बाहेर फेकतील असे बसवा. ते १२ व्होल्टवर चालतात, दोन्ही मिळून सात-आठ वॅटहून जास्त खात नाहीत, आवाज नगण्य. बाहेरून डासांची जाळी. समोरच्या बाजूची काच दोन बोटं उघडी ठेवून तिलाही जाळी. एवढ्याने झोप लागली, तर छत कापायची गरजच उरली नाही.

विजेच्या कामात बहुतेकांचा पैसा वाया जातो तो बॅटरी मोठी घेण्यात. आधी हिशेब मांडा. पंखा २० वॅट, आठ तास: १६० वॅट-अवर. दिवे ४०. दोन-तीन फोनचं चार्जिंग ४०. बारा व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला ४० लिटरचा फ्रिज उन्हाळ्यात दिवसाला ४५० ते ५०० खाऊ शकतो. म्हणजे फ्रिज नसलेल्या गाडीला दिवसाला अडीचशे वॅट-अवर पुरतात, आणि फ्रिज आला की सातशेच्या पुढे. फ्रिज हवा की बर्फाची पेटी चालेल, या एका प्रश्नावर तुमच्या विजेचा निम्म्याहून जास्त खर्च ठरतो. दोन-तीन दिवसांच्या सहलीला पेटी पुरते असं माझं मत आहे. घरात इन्सुलिनसारखं औषध असेल, तर फ्रिज घ्याच.

सोलर पॅनेलचा १०० वॅटचा आकडा प्रयोगशाळेतला असतो. टपावर आडवं ठेवलेलं १०० वॅटचं पॅनेल आपल्याकडे उन्हाळ्यात दिवसाला ३५० ते ४०० वॅट-अवर देतं. पावसाळ्यात सह्याद्रीत कधी निम्मं, कधी त्याहूनही कमी. पॅनेल तापलं की २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.४ टक्के उत्पादन घटतं, म्हणून ते पत्र्याला चिकटवू नका. खालून हवा खेळेल एवढी फट ठेवा. तेवढीच टपाला सावलीही मिळते.

बॅटरीत घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर गाडीत ठेवणारे अजून आहेत. ती ५० किलोहून जड भरते, आणि १५० अँपिअर-अवरची असली तरी आयुष्य राखायचं तर निम्मीच वापरायची असते, म्हणजे ९०० वॅट-अवर. शिवाय चार्ज होताना ज्वलनशील हायड्रोजन सोडते, म्हणून बंद पेटीत ठेवता येत नाही. लिथियम आयर्न फॉस्फेटची १०० अँपिअर-अवरची बॅटरी बारा-तेरा किलोची असते आणि हजार वॅट-अवर निश्चिंत देते. पैसे असतील तर सुधारणा म्हणून हा बदल सर्वांत समाधान देणारा आहे, कारण त्यात वजनही उतरतं. दोन पथ्यं आहेत. ही बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करायची नाही. स्पिती-लडाखला जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. आणि साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असं बहुतेक उत्पादक सांगतात. ईकोमध्ये इंजिन पुढच्या सीटखाली असतं, तेव्हा बॅटरी त्याच्या अंगाला लावून ठेवू नका. इंजिनवरून चार्ज करायची असेल तर मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर लावा. थेट जोडलेली लिथियम बॅटरी अल्टरनेटरमधून तो झेपेल त्यापेक्षा जास्त करंट ओढते आणि त्याला जाळू शकते.

आता त्या पहाटे बंद पडणाऱ्या फ्रिजकडे या. बॅटरी बदलण्याआधी चार-पाचशे रुपयांचा मल्टीमीटर घ्या आणि फ्रिज चालू असताना दोन जागी व्होल्टेज मोजा: एकदा बॅटरीच्या टोकांवर आणि एकदा फ्रिजच्या प्लगशी. बॅटरीवर १२.२ आणि प्लगशी ११.५ दिसलं, तर दोष वायरचा. घरच्या वायरिंगमधून उरलेली दीडची, म्हणजे दीड चौरस मिलिमीटरची, वायर अनेकजण गाडीत वापरतात. फ्रिज बॅटरीपासून वायरच्या मार्गाने सहा मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन बारा मीटर तांबं झालं. फ्रिज पाच अँपिअर ओढतो तेव्हा दीडच्या वायरमध्ये सुमारे ०.७ व्होल्ट हरवतात. कॉम्प्रेसर सुरू होतानाच्या क्षणी करंट वाढतो आणि ही घट दुप्पटही होते. फ्रिजची बॅटरी-संरक्षणाची कळ ‘हाय’वर असेल, तर तो अकरा व्होल्टच्या आसपास स्वतःला बंद करून घेतो. बॅटरीत निम्मी वीज शिल्लक असताना फ्रिज बंद पडण्याचं हे कारण. चारची वायर टाकली की तीच घट पाव व्होल्टवर येते. घरातल्या २३० व्होल्टवर पाऊण व्होल्ट गेला तर पत्ता लागत नाही. १२ व्होल्टवर तो सगळं ठरवतो.

वायरसोबत फ्यूज. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून वीतभर अंतरात मुख्य फ्यूज हवाच, आणि तिथून फुटणाऱ्या प्रत्येक वायरला वेगळा फ्यूज. फ्यूज उपकरणाला वाचवायला नसून वायर जळू नये म्हणून असतो, त्यामुळे तो वायरच्या जाडीवरून निवडायचा. चारच्या वायरला २० अँपिअर ठीक. फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा घालणं म्हणजे आग लागायची सोय करणं. पिळून टेप गुंडाळलेले सांधे काढून टाका. उन्हात टेपचा गम वितळतो आणि खडबडीत रस्त्यावर सांधा सैल होतो. तिथे क्रिंप केलेले लग आणि हीटश्रिंक स्लीव्ह हवी. वायर पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट. ही सगळी कामं मिळून दोन-तीन हजारांत होतात आणि बॅटरीपेक्षा आधी करायची आहेत.

इंडक्शन शेगडीचा मोह टाळा. दोन हजार वॅट म्हणजे बारा व्होल्टवर १७० अँपिअर. त्याला लागणारी केबल, इन्व्हर्टर आणि बॅटरी यांचा खर्च व वजन छोट्या गाडीला परवडत नाही.

गॅसबद्दल तडजोड नको. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो गळला की जमिनीवर साचतो, आणि गाडीची जमीन म्हणजे तुमच्या पलंगाखालची बंद जागा. माझा सल्ला असा, की शेगडी बाहेर ओढून घेता येईल अशी करा: मागचं दार उघडलं की सरकणाऱ्या फळीवर, माणूस गाडीबाहेर उभा. सिलिंडर पाच किलोचा पुरतो. तो आत ठेवायचाच असेल, तर आतल्या बाजूने पूर्ण बंद, तळाला आरपार भोक असलेल्या आणि बाहेरून उघडणाऱ्या पेटीत. नळी आयएसआय शिक्क्याची, पाच वर्षांनी बदललेली. प्रत्येक वेळी रेग्युलेटर जोडल्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. गाडीच सीएनजीवर असेल, तर मागच्या टाकीवर पलंगाची पेटी अशी बांधू नका की व्हॉल्व्हपर्यंत हात पोचणार नाही. त्या टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट करावी लागते, तेव्हाही ती निघाली पाहिजे.

पाऊस आहे म्हणून दारं लावून आत स्वयंपाक करणं आणि उकडतं म्हणून इंजिन चालू ठेवून एसीत झोपणं, या दोन गोष्टींनी माणसं दगावली आहेत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो; झोपेत कळत नाही. बॅटरीवर चालणारा त्याचा अलार्म ऑनलाइन मिळतो, तो उशाशी लावा. एबीसी प्रकारचं अग्निशामक नळकांडं दाराजवळ ठेवा, शेगडीच्या मागे नको. आणि झोपलेल्या माणसाला सरकतं दार अडकलं तर दुसऱ्या कुठल्या दाराने बाहेर पडता येतं, हे सगळ्यांनी एकदा अंधारात करून बघा. ट्रॅव्हलरचं मागचं दार आतून उघडत नसेल, तर या महिन्याचं पहिलं काम तेच.

पाण्याबद्दल थोडक्यात. वीस लिटरचे दोन कॅन आणि पायाने दाबायचा पंप, एवढ्यावर वर्षभर काढा. बसवलेल्या टाकीच्या आतून हात फिरवता येत नाही आणि कॅन मात्र उन्हात पालथा घालता येतो.

खडखडाटाची तपासणी दर लांबच्या प्रवासानंतर करायची. लाकडात थेट मारलेले स्क्रू खराब रस्त्यावर सैल होतातच. भार घेणाऱ्या सगळ्या जागी आरपार बोल्ट, मोठा वॉशर आणि नायलॉक नट हवा. बोल्ट आवळल्यावर नट आणि प्लायवर मार्करने एक सरळ रेघ ओढून ठेवा. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की कोणता बोल्ट फिरला ते पान्याला हात न लावता कळतं. चालत्या गाडीत कोणीही पलंगावर किंवा घरी बनवलेल्या बाकावर बसू नये. बेल्ट असलेल्या मूळ सीटवरच बसायचं, मुलांनीसुद्धा. अचानक ब्रेक लागला तर ओट्यावरची कढईही पुढे येते, म्हणून निघताना ओटा रिकामा.

शेवटी कागद. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत असे बदल मालकाला गाडीत करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच अधोरेखित केलं. सीट काढून कायमचा पलंग बसवला की आसनक्षमता बदलते. छत उंच केलं की बॉडी बदलते. राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हान पर्यटनाचं धोरण आणलं आहे, पण ते पर्यटन व्यवसायासाठी आहे. त्याने तुमच्या घरच्या गाडीची नोंद आपोआप होत नाही. म्हणून माझ्या मते घरच्या माणसांनी मूळ सीट आणि बेल्ट शाबूत ठेवून, बोल्ट सोडले की उतरवता येईल असं सुटं सामान बनवावं. त्याहून मोठा बदल करायचा असेल तर पत्रा कापण्याआधी आपल्या आरटीओत लेखी विचारा, आणि विमा कंपनीलाही बसवलेल्या वस्तूंची यादी लेखी कळवा. अपघातानंतर हा पत्रव्यवहार करून उपयोग नसतो.

याच कागदांबरोबर आणखी एक कागद गाडीत ठेवा. तुमच्या वायरिंगचा हाताने काढलेला नकाशा: कुठली वायर कुठून कुठे जाते, कोणत्या रंगाची, कितीचा फ्यूज, मुख्य स्विच कुठे. तो प्लॅस्टिकमध्ये घालून मागच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा आणि प्रत्येक बदलानंतर त्यावर तारीख टाका. रात्री दहा वाजता चिपळूणच्या रस्त्यावर एखादा इलेक्ट्रिशियन मदतीला आला, तर त्याला तुमची गाडी पहिल्यांदाच दिसत असते. त्याच्या हातात हा कागद द्या.